सामायिक वाटेची नोंद : लोकनकाशातील एका वर्गीकरणाचा अभ्यास

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस इतिहासातील एखादा विषय घ्यावा असे सुचविले होते. आम्ही एका वाटेचा विषय घेतला आहे. तो इतिहासाबाहेरचा नाही, हे वाचक बंधू-भगिनींना लेखाच्या अखेरीपर्यंत पटावे अशी आमची अपेक्षा आहे.

शाळेच्या मागच्या फाटकातून निघून ओढ्याच्या कडेने एस. टी.च्या फाट्यापर्यंत जाणारी वाट माजी विद्यार्थ्यांना नव्याने सांगावयास नको. सुट्टीला घरी जाताना डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन याच वाटेने अनेक पिढ्या चालल्या. पुढे शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळू लागल्या आणि जवळच्या वस्त्यांवरून दिवसा शाळेस येणाऱ्या मुली त्याच वाटेने सायकलीवर येऊ लागल्या. आज पायी चालणारे आणि सायकलवाले दोघेही ती वाट वापरतात. त्यांच्यासाठी वेगळी बाजू आखलेली नाही आणि कोठे फलकही लावलेला नाही.

सामाजिक शास्त्रांच्या तासाला नववीच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही परिसराचा नकाशा करून घेतला, तेव्हा या वाटेवरून वर्गात वाद झाला. एका गटाने तिची नोंद ‘फूटवे’ अशी केली, दुसऱ्याने ‘सायकलवे’ आणि तिसऱ्याने नुसती ‘पाथ’. तिन्ही गट एकाच दिवशी, एकाच वाटेने चालून आले होते. एकच वस्तू तिघांना तीन प्रकारची का दिसली, हा प्रश्न आम्ही फळ्यावर लिहिला. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

१. नकाशा काढणारे कोण?

आपल्या देशात नकाशे काढण्याचे काम दीर्घकाळ सरकारकडेच होते. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. महसुलासाठी गावोगावची जमीन मोजली गेली आणि त्यातून गावनकाशे तयार झाले. या गावनकाशांतही वाटांचे वर्गीकरण आहे. बैलगाडी जाईल असा गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवितात आणि माणूस पायी जाईल असा पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. म्हणजे रेघ एकेरी की दुहेरी, एवढ्यावर शेतकऱ्याच्या बैलगाडीचा हक्क ठरत आला आहे. नकाशातील वर्गीकरण हे केवळ चित्रकलेचे काम नाही, याचा हा घरचाच पुरावा होय.

२००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा उपक्रम सुरू केला. त्या देशातील सरकारी नकाशांची माहिती वापरण्यास महाग व बंधनांनी जखडलेली होती. तेव्हा लोकांनीच आपापल्या परिसराची माहिती गोळा करावी आणि ती सर्वांसाठी खुली ठेवावी, ही कल्पना पुढे आली. आज जगभरचे स्वयंसेवक या नकाशात भर घालतात. केनियातील नैरोबी शहरात किबेरा नावाची मोठी झोपडवस्ती आहे. २००९ पर्यंत प्रचलित नकाशांत तिची जागा जवळजवळ कोरी होती. त्या वर्षी वस्तीतील तरुणांनीच गल्लीबोळ हिंडून या लोकनकाशात आपली वस्ती उमटविली. आपल्याकडेही १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांसाठी नकाशाकामातील पूर्वपरवानगीची जुनी अट बहुतांशी दूर केली.

या नकाशात प्रत्येक रेघेला ‘टॅग’ जोडतात. टॅग म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांची जोडी. डाव्या बाजूस प्रश्न, उजव्या बाजूस उत्तर. ‘पृष्ठभाग कोणता?’ याचे उत्तर ‘माती’, आणि ‘रुंदी किती?’ याचे उत्तर ‘दोन मीटर’. एका रेघेला अशा कितीही जोड्या जोडता येतात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे.

२. तीन शब्द आणि त्यांची अडचण

वाटेचा मूळ प्रकार सांगण्यासाठी प्रामुख्याने तीन शब्द वापरात आहेत. ‘फूटवे’ म्हणजे मुख्यतः पायी चालणाऱ्यांची वाट. ‘सायकलवे’ म्हणजे मुख्यतः सायकलींची वाट. ‘पाथ’ म्हणजे कोणा एकासाठीच राखून न ठेवलेली साधी वाट. जेथून बैलगाडी वा ट्रॅक्टर जातो ती शेतवाट ‘ट्रॅक’ या चौथ्या प्रकारात मोडते. आपल्या गावनकाशातील गाडीमार्ग बहुधा याच प्रकारात बसेल.

वाट एकाच प्रकारच्या लोकांची असेल तर अडचण येत नाही. ती दोघांची असेल तर येते. ‘फूटवे’ म्हटले की सायकलवाला पाहुणा ठरतो, आणि ‘सायकलवे’ म्हटले की पायी चालणारा. मालक एक आणि दुसरा त्याच्या मर्जीवर, असे चित्र त्या एका शब्दाने उभे राहते. ‘पाथ’ म्हणावे तर तोच शब्द सह्याद्रीतील निसरड्या डोंगरवाटेलाही लागतो आणि शहरातील उद्यानातल्या फरसबंद रस्त्यालाही. नुसत्या ‘पाथ’वरून सायकल जाईल की नाही, हे समजत नाही.

हा पेच केवळ आमच्या नववीच्या वर्गाचा नाही. जर्मनीत सामायिक वाटेसाठी निळ्या गोल फलकावर पादचारी व सायकल अशी दोन्ही चित्रे असतात. त्यांच्यामध्ये आडवी रेघ असेल तर वाट दोघांची एकत्र आणि उभी रेघ असेल तर दोघांची बाजू वेगवेगळी. फलक इतका स्पष्ट असूनही तेथील नकाशाकारांमध्ये तीन पद्धती आढळतात. काही जण ‘पाथ’ लिहून दोघांचाही हक्क जोडतात, काही जण ‘सायकलवे’ला पादचाऱ्यांचा हक्क जोडतात आणि काही जण ‘फूटवे’ला सायकलींचा. ब्रिटनमध्ये ‘सायकलवे’ लिहून पादचाऱ्यांचा हक्क जोडण्याचा प्रघात अधिक दिसतो. या प्रश्नावर अनेक वर्षे चर्चा होऊनही सर्व जगाला मान्य असे एकच उत्तर निघालेले नाही.

तेव्हा आमच्या तीन गटांपैकी बरोबर कोण, याचे उत्तर आम्ही वर्गात असे दिले की, तिघेही अपुरे. एका शब्दात सर्व काही सांगण्याचा हट्ट हीच मूळची चूक होती.

३. एका प्रश्नाऐवजी चार प्रश्न

सामायिक वाटेची नोंद करताना चार प्रश्न वेगवेगळे विचारावे, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यावर लादू नये.

पहिला प्रश्न वाटेच्या स्वरूपाचा. ती प्रत्यक्ष कशी दिसते? गाडी जाण्याइतकी रुंद आहे की केवळ माणूस व सायकल जाईल एवढी? याचे उत्तर म्हणजे मूळ प्रकार. आमच्या वाटेबाबत ते ‘पाथ’ असे ठरले.

दुसरा प्रश्न हक्काचा, आणि तो प्रत्येक वापरकर्त्याविषयी स्वतंत्र विचारावयाचा. पायी चालणाऱ्यास मुभा आहे काय? सायकलस्वारास आहे काय? मोटारसायकलीस आहे काय? या उत्तरांचे शब्द ठरलेले आहेत. ‘येस’ म्हणजे जाण्यास मुभा आहे. ‘डेझिग्नेटेड’ म्हणजे फलक लावून वा अधिकृतपणे ती वाट त्या वापरासाठी नेमून दिली आहे. ‘पर्मिसिव्ह’ म्हणजे हक्क नाही, परंतु मालकाने जाऊ दिले आहे आणि तो ती मुभा काढूनही घेऊ शकतो. ‘प्रायव्हेट’ म्हणजे खाजगी, आणि ‘नो’ म्हणजे मनाई. सायकलीवरून उतरून ती हातात धरून न्यावी लागत असेल तर त्यासाठी ‘डिसमाउंट’ हे निराळे उत्तर आहे. आमच्या वाटेवर फलक नाही, म्हणून ‘डेझिग्नेटेड’ लिहिणे खोटे झाले असते. पायी चालणाऱ्यास ‘येस’ आणि सायकलीस ‘येस’, हेच खरे उत्तर होते.

तिसरा प्रश्न विभागणीचा. दोघांसाठी रंगाने, कठड्याने वा उंचवट्याने बाजू वेगळ्या केल्या आहेत काय? याची नोंद ‘सेग्रिगेटेड’ या टॅगखाली ‘येस’ किंवा ‘नो’ अशी होते. आमच्या वाटेचे उत्तर ‘नो’.

चौथा प्रश्न स्थितीचा. पृष्ठभाग कसा आहे, रुंदी किती, रात्री दिवा असतो काय? पावसाळ्यात चिखल होत असेल तर सायकलीचा हक्क कागदावरच राहतो. मुलीला अंधार पडल्यावर क्लासहून परतावयाचे असेल, तर दिव्याची नोंद तिच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरते.

अशी नोंद केली म्हणजे मूळ शब्द ‘पाथ’ आहे की ‘सायकलवे’, यावर फारसे काही अडून राहत नाही. दोन्ही वापरकर्त्यांची नावे रेघेवर स्पष्ट लिहिलेली असतात आणि कोणी कोणाचा पाहुणा राहत नाही.

४. चुकीच्या नोंदीची किंमत

एका टॅगने असे काय बिघडणार आहे, असे काही पालकांना वाटेल. त्याचे उत्तर व्यवहारातच आहे. मोबाईलमधील मार्ग शोधणाऱ्या अनेक प्रणाली हीच खुली माहिती वापरतात. सायकलीचा मार्ग विचारला आणि वाटेवर ‘फूटवे’ एवढेच लिहिलेले असले, तर यंत्र बहुधा ती वाट टाळते, किंवा सायकल हातात धरून चालावे असे सांगते. आपल्या शाळेच्या बाबतीत ओढ्याकाठची वाट टाळली की उरतो तो उसाचे ट्रक धावणारा डांबरी रस्ता. म्हणजे पहिल्या गटाने निष्पापपणे लिहिलेल्या एका शब्दाने सायकलवरील मुलीला ट्रकांच्या रस्त्यावर पाठविले असते. उलट दुसऱ्या गटाची नोंद तशीच राहिली असती, तर या वाटेचे मूळचे वापरकर्ते, म्हणजे डोक्यावर जळण घेऊन येणाऱ्या आयाबाया, नकाशात दुय्यम ठरल्या असत्या.

आणखी एक मोह टाळावा लागतो. पडद्यावर ‘सायकलवे’ निळ्या ठिपक्यांनी आणि ‘फूटवे’ लालसर ठिपक्यांनी उमटतो. निळी रेघ छान दिसते, म्हणून काही विद्यार्थी सरसकट ‘सायकलवे’ लिहू लागले. रेघ कशी दिसावी यासाठी नोंद बदलू नये, हा या नकाशाकारांमध्ये रूढ असलेला नियम आहे. तो इतिहासाच्या अभ्यासकालाही लागू पडतो. निष्कर्ष चांगला दिसावा म्हणून पुरावा रंगवावयाचा नसतो.

५. काटेरी झुडपांची गोष्ट

येथवरचा भाग वर्गात सुखाने पार पडला. खरी परीक्षा चौथ्या गटाने घेतली. या गटाकडे एका वस्तीवरून शेतांमधून शाळेकडे येणारी दुसरी वाट होती. विद्यार्थी तेथे गेले तेव्हा वाटेच्या तोंडाशी बाभळीची काटेरी झुडपे टाकलेली होती. ही वाट आमची आहे, येथून कोणी जावयाचे नाही, असे त्यांना बजावण्यात आले. मुलांनी वहीत उत्तर लिहिले : ‘प्रायव्हेट’.

मुलांनी जे पाहिले व ऐकले तेच लिहिले होते. त्यांना दोष देण्याचे कारण नव्हते. तथापि आम्ही ती नोंद नकाशावर चढवू दिली नाही. वस्तीवरील वृद्धांना विचारले, तेव्हा आपल्या आजोबांच्या काळापासून ही वाट वाहती असल्याचे त्यांनी सांगितले. मग आम्ही गावनकाशाची प्रत पाहिली. तीत त्या जागी एकेरी तुटक रेघ होती. म्हणजे तो पायमार्ग होता. आम्ही गावनकाशावरून रेघ गिरवली नाही, कारण दुसऱ्याच्या नकाशाची नक्कल लोकनकाशात करू नये असा दंडक आहे. विद्यार्थी ती वाट स्वतः चालले आणि चालूनच त्यांनी ती आखली. पायी चालणाऱ्यास ‘येस’ लिहिले. सायकली तेथून अनेक वर्षे जात होत्या व मनाईचा कोणताही आदेश नव्हता, म्हणून सायकलीसही ‘येस’ लिहिले. मधल्या टप्प्यात वाट तीन फुटांवर आली आहे, ती रुंदीही नोंदविली. झुडपांची नोंद मात्र आम्ही वहीतच ठेवली. आज टाकलेली व उद्या निघणारी वस्तू नकाशात कायमची उमटवावयाची नसते.

येथे इतिहासाचा शिक्षक म्हणून आम्हांस एक गोष्ट विद्यार्थ्यांपुढे ठेवावी लागली. सार्वजनिक पाणवठे व सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळाने संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावरचे उत्तर ‘येस’ होते. जमिनीवरचे उत्तर ‘नो’ होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यापर्यंत चालत गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले, तेव्हा कागदावरचे उत्तर प्रथमच जमिनीवर उमटले. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली आला. त्या दहा वर्षांत कोणी लोकनकाशा काढला असता आणि ‘येथे काय चालते?’ एवढेच विचारून तळ्यावर ‘नो’ लिहिले असते, तर त्याने पाहिलेले खरे ठरले असते, पण त्याची नोंद अन्यायाच्या बाजूची झाली असती.

म्हणून हक्काचा प्रश्न आणि रूढीचा प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. कोणी दरडावले म्हणून वाट ‘प्रायव्हेट’ होत नाही. ‘आमच्यातल्या मुली सायकलीवर तिकडून जात नाहीत’, असे कोणी म्हटले म्हणून सायकलीपुढे ‘नो’ लिहावयाचे नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या जोडीला रस्त्यांचाही उल्लेख आहे. शासनाच्या पैशाने राखलेल्या वा जनतेच्या वापरासाठी दिलेल्या अशा जागा वापरण्यास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येत नाही.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एखादी वाट खरोखरच कोणाच्या खाजगी शेतातून केवळ त्याच्या सौजन्याने जात असेल, तर आपल्या सोयीसाठी तिला ‘येस’ लिहिणे हीदेखील असत्य नोंद होय. तेथे ‘पर्मिसिव्ह’ हेच उत्तर द्यावे. आपला हक्क जितक्या काटेकोरपणे नोंदवावयाचा, तितक्याच काटेकोरपणे दुसऱ्याचाही नोंदविला पाहिजे.

हेही ध्यानात असावे की लोकनकाशातील नोंद हा कायदेशीर पुरावा नव्हे. इंग्लंड व वेल्समध्ये १९४९ च्या कायद्यान्वये सार्वजनिक पाऊलवाटांचे अधिकृत नकाशे तयार झाले, आणि त्यांवर दाखविलेली वाट हा हक्काचा निर्णायक पुरावा मानला जातो. तेथे केवळ पायी जाण्याची वाट व घोड्यावरून जाण्याची वाट असे निरनिराळे वर्ग आहेत, आणि १९६८ च्या कायद्याने घोडवाटांवर सायकलींना मुभा मिळाली. आपल्याकडे वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. ही मुदत पालकांनी विशेष लक्षात ठेवावी.

आमच्या वाटेच्या बाबतीत तेथवर जावे लागले नाही. गावातील जाणत्या मंडळींनी गावनकाशाची प्रत समोर ठेवून उभय पक्षांना एकत्र बसविले आणि झुडपे दूर झाली. मधल्या टप्प्याची रुंदी अद्याप तीन फूटच आहे. ती नोंद नकाशात आहे आणि वाट मोकळी होईपर्यंत तशीच राहील.

६. माजी विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

हा पाठ असल्यामुळे शेवटी स्वाध्याय देणे आमचे कर्तव्य आहे.

१) आपल्या गावातील वा नगरातील अशी एक वाट निवडा, जिच्यावरून लोक पायीही जातात आणि सायकलीवरूनही.

२) ती स्वतः चाला. शक्य असल्यास आईला वा आजीला बरोबर घ्या. वाटेचे नाव, जुना पार, बुजलेली विहीर यांची माहिती त्यांच्याकडेच असते.

३) स्वरूप, हक्क, विभागणी आणि स्थिती या चार प्रश्नांची उत्तरे चार वेगळ्या ओळींत लिहा. ठाऊक नसेल ती ओळ कोरी ठेवा. अंदाजाने भरलेल्या ओळीपेक्षा कोरी ओळ बरी, कारण कोरी ओळ पाहून कोणीतरी पुन्हा तेथे जाऊन शोध घेतो.

४) हक्काचे उत्तर लिहिण्यापूर्वी स्वतःस विचारा : हे उत्तर मला कोणी दिले? फलकाने, कायद्याने, जुन्या वहिवाटीने, की दरडावणाऱ्या माणसाने?

५) मगच नोंद नकाशावर चढवा, आणि पुढील पावसाळ्यानंतर ती पुन्हा तपासा.

आमच्या नववीच्या वर्गाने फळ्यावरील तीन शब्द पुसले आणि त्यांच्या जागी चार ओळी लिहिल्या. आज शाळेच्या मागच्या फाटकापासून फाट्यापर्यंतची ती वाट लोकनकाशात आहे. तिच्यावर पायी येणाऱ्याचे नाव आहे आणि सायकलीवर येणाऱ्या मुलीचेही. या स्मरणिकेच्या निमित्ताने आपण शाळेत याल, तेव्हा डांबरी रस्त्याने न येता त्या वाटेने यावे, आणि आमच्या नोंदीत काही चुकले असेल तर ते विद्यार्थ्यांस दाखवून द्यावे, ही विनंती.

जय भीम.